विद्यापीठाचा अंतर्गत संशोधन निधी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

विद्यापीठे आपल्या अर्थसंकल्पातून आपल्याच विभागांतील आणि संलग्न महाविद्यालयांतील शिक्षकांना संशोधनासाठी जो निधी देतात, त्याविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. मुंबई विद्यापीठाची लघु संशोधन प्रकल्प योजना, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘अ‍ॅस्पायर’, जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची कुलगुरू संशोधन प्रेरणा योजना ही या प्रकारच्या निधीची परिचित उदाहरणे आहेत. रकमा लहान असतात, अर्जदार पुष्कळ असतात आणि नियम विद्यापीठागणिक बदलतात. अनेक महाविद्यालयांत अजूनही ‘बीसीयूडीचा प्रकल्प’ असेच म्हटले जाते. परंतु बीसीयूडी, म्हणजे १९९४ च्या विद्यापीठ कायद्यातील महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ, आता नाही. १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये संशोधन मंडळाची स्वतंत्र तरतूद आहे. म्हणून सहकाऱ्याकडून मिळालेल्या जुन्या परिपत्रकावर विसंबून कोणीही अर्ज भरू नये. चालू वर्षाचे परिपत्रक मिळवून ते शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचावे, ही सर्वांनाच पहिली विनंती आहे. आलेल्या पत्रांतून निवडलेले काही प्रश्न पुढे घेतले आहेत.

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. विद्यापीठाच्या योजनेत यंदा पहिल्यांदाच अर्ज करणार आहे. कमाल मर्यादा एक लाख रुपयांची आहे. ‘जळगाव जिल्ह्यातील भूजलाच्या भौतिक-रासायनिक गुणधर्मांचा अभ्यास’ असा विषय ठरवला आहे. आमच्या प्रयोगशाळेतील स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणारे यंत्र) जुना झाला असल्याने नव्या उपकरणासाठी ८५ हजार आणि रसायनांसाठी १५ हजार रुपये असे अंदाजपत्रक तयार केले आहे. प्रस्ताव मंजूर व्हावा यासाठी काय करावे?

उत्तर : आपले अंदाजपत्रक वाचल्यावर छाननी समितीच्या मनात पहिला प्रश्न येईल तो असा, की पाण्याचे नमुने आणणार कसे? विहिरीपर्यंत जाण्याचा खर्च त्यात नाही, बाटल्या नाहीत, नमुने थंड ठेवण्याची सोय नाही. म्हणजे शीर्षकात जिल्हा आहे आणि पैशांच्या तक्त्यात फक्त एक उपकरण आहे. अशा समित्यांवर बसताना मी पाहिले आहे, की सदस्य शीर्षक आणि उद्दिष्टे वाचतात आणि मग थेट अंदाजपत्रकाच्या पानावर जातात, कारण अर्जदाराने कामाचा किती बारकाईने विचार केला आहे हे तेथे लपत नाही. आपला प्रस्ताव त्या पानावरूनच नव्याने लिहावा, असे मी सुचवते.

त्याआधी विषय आवळावा लागेल. जिल्ह्यात १५ तालुके आहेत. एक लाख रुपयांत आणि अध्यापन सांभाळून त्या सर्वांच्या भूजलाबद्दल विश्वासाने काही सांगता येणार नाही. मात्र रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यातील एका तालुक्यापुरता एकच प्रश्न विचारता येईल : ज्या विहिरींचे पाणी माणसे पितात, त्यांतील नायट्रेटचे प्रमाण पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर किती असते? केळीला नत्राची गरज मोठी असते आणि ठिबकमधून युरिया नियमित दिला जातो. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली झिरपू शकते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट चालत नाही, आणि या मर्यादेला सूट दिलेली नाही. तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जास्त नायट्रेटमुळे कमी होते, म्हणून ही मर्यादा महत्त्वाची. एवढ्या चार-पाच वाक्यांत आपल्या प्रस्तावाची प्रस्तावना पूर्ण होते. पाणी म्हणजे जीवन अशा सुरुवातीची तिला गरज नाही.

यानंतर समितीतील जाणकार विचारतील, की नायट्रेट खतामुळेच आले हे कशावरून? गोठ्यातून आणि शौचालयाच्या शोषखड्ड्यातूनही ते येते. म्हणून विहिरी निवडताना केळीच्या शेतातल्या १५ आणि केळी नसलेल्या शिवारातल्या १५ अशा ३० घ्याव्यात, प्रत्येक विहिरीपासून गोठा व शोषखड्डा किती अंतरावर आहे याची नोंद करावी, आणि नायट्रेटबरोबर क्लोराइडही मोजावे. सांडपाणी मिसळत असेल तर बहुधा दोन्ही एकत्र वाढलेले दिसतात. याने पूर्ण पुरावा मिळत नाही हेही प्रस्तावातच लिहावे. आपल्या पद्धतीची मर्यादा स्वतः सांगणाऱ्या अर्जदारावर समितीचा विश्वास बसतो.

आता उपकरण. नायट्रेट मोजण्याच्या एका प्रचलित पद्धतीत २२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण मोजतात आणि सेंद्रिय द्रव्यांमुळे येणारी चूक काढण्यासाठी २७५ नॅनोमीटरला पुन्हा मोजतात. आपले जुने यंत्र अतिनील पट्ट्यात चालणारे असेल, तर बिघाड ड्युटेरियम दिव्यात आहे की आणखी कशात, हे दुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून त्याचे लेखी दरपत्रक घ्यावे. नव्या यंत्राची मागणी अंतर्गत निधीत बहुधा टिकत नाही. दिवा आणि क्वार्ट्झच्या क्युव्हेट (यंत्रात नमुना ठेवण्याच्या कुप्या) मागितल्या तर त्या कामाला लागतात हे कोणालाही पटते.

असे केल्यावर अंदाजपत्रक कसे दिसेल ते पाहा. दर मी केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. रोज १० विहिरी, म्हणजे ३० विहिरींना तीन दिवस, दोन फेऱ्यांचे सहा दिवस. वाहनाला दिवसाला ३ हजार धरल्यास १८ हजार रुपये. रसायने, बाटल्या, बर्फपेटी मिळून १६ हजार. दोन्ही फेऱ्यांचे ६० नमुने होतात; त्यांतील प्रत्येक दहावा, म्हणजे सहा नमुने, पडताळणीसाठी मान्यताप्राप्त बाहेरच्या प्रयोगशाळेत ८०० रुपये दराने पाठवल्यास ४,८००. यंत्राची दुरुस्ती आणि क्युव्हेट यांना ३० हजार. किरकोळ खर्च ५ हजार. एकूण ७३,८०० रुपये. मर्यादा एक लाखाची असली म्हणून एक लाख मागितलेच पाहिजेत असे नाही. प्रत्येक रक्कम कोणत्या गुणाकारातून आली हे तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहावे. समितीला कपात करायची झाली, तर काय कापल्यावर कोणते काम अडेल हे तिला त्यातून कळते, आणि मग सरसकट कात्री लागत नाही.

वेळापत्रकाकडेही असेच पाहावे. मंजुरीचे पत्र पावसाळा सुरू झाल्यावर आले, तर मे महिन्यातली फेरी हुकलेली असेल. अशा वेळी पहिली फेरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि दुसरी पुढच्या मे महिन्यात, असा पर्याय प्रस्तावातच नमूद करावा. नमुने सुमारे चार अंश सेल्सिअसला ठेवून ४८ तासांच्या आत तपासायचे असल्याने फेरीचे दिवस परीक्षेच्या कामावर येणार नाहीत हे आधीच बघावे. आणि ज्यांच्या विहिरीत मर्यादेपेक्षा जास्त नायट्रेट आढळेल, त्या कुटुंबाला निष्कर्ष लगेच, लेखी आणि सोप्या मराठीत कळवण्याची तरतूद करावी. त्या घरात तान्हे मूल असेल, तर अहवाल छापून येईपर्यंत थांबणे योग्य नाही.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात इतिहासाची प्राध्यापिका आहे. जवळच्या गावातील एका वतनदार घराण्याकडे मोडी कागदांचे सात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत आणि कुटुंबाची ते दाखवण्याची तयारी आहे. विद्यापीठाचा निधी ५० हजारांपर्यंत मिळू शकतो. परंतु सहकारी सांगतात, की समित्या विज्ञानालाच पैसे देतात आणि एवढ्या रकमेत इतिहासाचे संशोधन होत नाही. अर्ज करावा काय?

उत्तर : अवश्य करावा. मला तर वाटते, की या लहान निधीचा खरा उपयोग मानव्यविद्यांना अधिक होतो. रसायनशास्त्राच्या विभागाला ५० हजारांत एखादे मोठे उपकरणही मिळत नाही. आपल्याला मात्र आजवर कोणी न वाचलेला कागदांचा संग्रह त्या रकमेत जगापुढे आणता येईल.

मानव्यविद्यांचे प्रस्ताव मागे पडतात, त्याला समितीतील विषयांचा असमतोल काही ठिकाणी कारणीभूत असतो, हे खरे आहे. पण दुसरे कारण आपल्या हातातले आहे. ‘संशोधन पद्धती’ या रकान्यात ‘वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला जाईल’ एवढेच वाक्य असंख्य अर्जांत असते. त्यावरून सोमवारी सकाळी संशोधक काय करणार आहे याचा बोध होत नाही. आपण काय करणार आहात ते क्रमाने लिहावे : रुमाल सोडणे, प्रत्येक कागदाला क्रमांक देणे, छायाचित्र घेणे, लिप्यंतर करणे, तारीख लावणे, सूचीत नोंद करणे.

यासाठी अर्जापूर्वीच एक छोटी चाचणी घ्यावी. एका रुमालातील दहा कागद काढावेत, ते वाचायला प्रत्यक्ष किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे, आणि रुमालात एकूण किती कागद आहेत ते मोजून संपूर्ण कामाचा हिशेब करावा. वळणदार अक्षरातील सनद आणि घाईने लिहिलेली यादी यांना सारखा वेळ लागत नाही. तारखा तर वेळ खाणाऱ्याच असतात. कागदावर अनेकदा सुहूर सन (मराठेकालीन कागदांत वापरलेली कालगणना) आणि हिजरी महिन्याची तारीख असते, जिच्याआधी चंद्राचा ‘छ’ लिहिलेला असतो. सुहूर सनाचे वर्ष मृग नक्षत्राला बदलते, त्यामुळे इसवी सन काढण्यासाठी त्यात कधी ५९९ तर कधी ६०० मिळवावे लागतात. उदाहरणार्थ, सुहूर सन ११६१ म्हणजे इसवी सन १७६०-६१. यांतले कोणते वर्ष घ्यायचे हे महिन्यावरून ठरते. हा तपशील प्रस्तावात चार ओळींत दिलात, तर लिप्यंतरासाठी मागितलेले मानधन कोणालाही जास्त वाटणार नाही.

सात रुमालांवर एका वर्षात ग्रंथ लिहीन, असे आश्वासन मात्र देऊ नये. वर्णनात्मक सूची आणि निवडक ४०-५० कागदांचे टिपांसह लिप्यंतर एवढे फलित पुरेसे आणि सन्मान्य आहे. चांगली सूची पुढच्या कित्येक अभ्यासकांच्या उपयोगी पडते. तालुक्यातील जमीन, पाणी, बलुती किंवा बाजार यांवर काम करणारा पुढचा माणूस आपल्या सूचीपासून सुरुवात करील.

खर्चाचे म्हणाल, तर मोठा वाटा मोडी वाचकाच्या मानधनाचा ठेवावा आणि दर पानामागे धरावा. कॅमेरा महाविद्यालयात किंवा ओळखीच्या कोणाकडे असेल तर तो मागून घ्यावा. पण वरून सरळ छायाचित्र घेता येईल असा स्टँड, दोन स्वतंत्र हार्ड डिस्क आणि कागद गुंडाळण्यासाठी आम्लरहित कागद यांसाठी रक्कम ठेवावी. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराशी काही कागद ताडून पाहावे लागतील, त्या प्रवासाचाही विचार करावा. कागद कुटुंबाच्या घराबाहेर नेऊ नयेत. संमतिपत्रावर केवळ कर्त्या पुरुषाची नव्हे, तर वाटेकरी असलेल्या सर्वांची सही घ्यावी, कारण वतनाच्या कागदांवरून भाऊबंदांत संशय निर्माण होणे नवीन नाही आणि तसे झाल्यास काम अर्ध्यावर थांबते. छायाचित्रांचा एक संच कुटुंबाकडे राहावा आणि त्यांची परवानगी असल्यास एक संच पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे द्यावा. १९१० साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत खासगी दप्तरे जपण्याची परंपरा आहे.

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतो. नेट उत्तीर्ण आहे, पीएच.डी. चालू आहे. परिपत्रकात ‘मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षक’ अशी अट आहे. आमच्यासारख्यांनी काय करायचे?

उत्तर : ही अट बहुतेक योजनांत आहे आणि ती बदलावी असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक महाविद्यालयांत शिकवण्याचा मोठा भार आपल्यासारखे शिक्षक उचलतात. त्यांना संशोधनाच्या निधीपासून दूर ठेवणे न्याय्य नाही. नियुक्ती वर्षभराचीही नसल्याने हिशेबाला जबाबदार कोण, ही विद्यापीठाची अडचण खरी आहे. पण प्राचार्यांची हमी किंवा पूर्णवेळ सहकाऱ्याची संयुक्त जबाबदारी घेऊन ती सोडवता येण्यासारखी आहे. आपल्या विद्यापीठाच्या अधिसभेतील शिक्षक व पदवीधर प्रतिनिधींकडे हा मुद्दा लेखी द्यावा. अधिसभेपुढे अर्थसंकल्प येतो, त्या वेळी त्यावर बोलता येते.

तोपर्यंत दोन मार्ग आहेत. परिपत्रकात सहसंशोधकासाठी पूर्णवेळ असण्याची अट नसेल, तर विभागातील पूर्णवेळ प्राध्यापकांबरोबर सहसंशोधक म्हणून अर्ज करावा. तसे करताना कोणते काम कोणाचे आणि लेखात नावांचा क्रम काय असेल, हे सुरुवातीलाच एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्यात अविश्वास नाही. पुढचा मनस्ताप त्याने टळतो. दुसरे म्हणजे, आपण पीएच.डी.चे विद्यार्थी आहात, त्या नात्याने आपल्या सामाजिक प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. मात्र अधिछात्रवृत्ती घेत असताना तासिकांचे मानधन घेता येते काय, ही अट अर्जापूर्वी वाचावी आणि शंका असल्यास संस्थेकडून लेखी उत्तर घ्यावे.

प्रश्न : आमचे प्राचार्य म्हणतात, की विद्यापीठाच्या लहान प्रकल्पाचा पदोन्नतीला काही उपयोग नाही, उगाच कटकट. हे खरे आहे काय?

उत्तर : पूर्ण खरे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०१८ च्या विनियमांत संशोधन गुणांचा जो तक्ता आहे, त्यात १० लाखांपेक्षा कमी रकमेच्या पूर्ण झालेल्या प्रकल्पाला ५ आणि चालू प्रकल्पाला २ गुण आहेत. १० लाखांवरील प्रकल्पांना हेच गुण अनुक्रमे १० आणि ५ आहेत. प्रमुख संशोधक आणि सहसंशोधक असे दोघे असतील, तर प्रत्येकाला निम्मे गुण मिळतात. त्याच विनियमांत शिक्षकाच्या वार्षिक कामाचे मूल्यमापन करणारा दुसरा तक्ता आहे. त्यात मात्र राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांनी पुरस्कृत केलेल्या लघु व बृहत् प्रकल्पांचा उल्लेख आहे, आणि विद्यापीठाचा अंतर्गत प्रकल्प त्या शब्दांत बसवणे कठीण आहे. दोन तक्त्यांतला हा फरक लक्षात न घेतल्याने एकाच महाविद्यालयात दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. आपल्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडून, आणि गरज पडल्यास विद्यापीठाकडून, आपल्या योजनेचे नाव घालून लेखी खुलासा मागवावा.

प्राचार्यांना हेही सांगता येईल, की विद्यापीठाने शिक्षकांना संशोधनासाठी दिलेले बीजभांडवल नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, विद्यापीठांसाठीच्या निकषांत मोजले जात आले आहे. म्हणून हा निधी देण्यात विद्यापीठालाही रस असतो. पण गुणांसाठीच प्रकल्प घ्यायचा असेल, तर न घेतलेला बरा. दीड-दोन वर्षांचे काम पाच गुणांच्या ओढीने होत नाही, आणि रखडलेला प्रकल्प महाविद्यालयातील पुढच्या अर्जदाराच्या आड येतो.

प्रश्न : नुकतीच भौतिकशास्त्रात नियुक्ती झाली आहे. अंतर्गत निधीत वेळ घालवण्यापेक्षा थेट राष्ट्रीय पातळीवरच अर्ज करू काय?

उत्तर : आपल्याजवळ प्राथमिक निरीक्षणे आणि उपकरणांची खात्रीची सोय असेल, तर थेट करावा, पायरी चढलीच पाहिजे असा नियम नाही. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा २०२३ चा कायदा ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला आणि संशोधनाला निधी देणाऱ्या पूर्वीच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचे (एसईआरबी) काम त्याच्याकडे आले. त्याच्या प्रधानमंत्री प्रारंभिक कारकीर्द संशोधन अनुदानात तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत निधी मिळू शकतो. तेथे स्पर्धा देशभरातल्या संस्थांतील तरुण संशोधकांशी आहे आणि परीक्षक विचारतात, की ही कल्पना चालते याचा काही पुरावा आहे काय. तो पुरावा पीएच.डी.च्या कामातून मिळत नसेल, किंवा नव्या महाविद्यालयात आल्यावर विषय बदलावा लागत असेल, तर अंतर्गत निधीतील एक वर्ष वाया जात नाही. फक्त त्या वर्षात मोठ्या प्रस्तावाला लागणारा एक आलेख हाती यावा, अशीच त्याची आखणी करावी. एकच काम त्याच खर्चासह दोन ठिकाणी मागू नये, आणि एक अर्ज विचाराधीन असल्यास दुसऱ्यात तसे जाहीर करावे.

प्रश्न : माझा दोन वर्षांचा प्रकल्प आहे. पहिला हप्ता मिळाला, तो खर्च झाला, विनियोग प्रमाणपत्रही (पैसे मंजूर कामावर खर्च झाल्याचा दाखला) पाठवले. दुसरा हप्ता अनेक महिने झाले तरी आलेला नाही. क्षेत्रकार्य थांबू नये म्हणून मी स्वतःचे पैसे घातले आहेत. ते परत मिळतील काय? (पत्रलेखिकेच्या विनंतीवरून गाव व विद्यापीठ दिलेले नाही.)

उत्तर : आपली कळकळ समजते, पण यापुढे स्वतःचे पैसे घालणे कृपया थांबवावे. मंजूर शीर्षाखाली, मंजूर कालावधीत आणि योग्य पद्धतीने झालेला खर्चच परत मिळू शकतो. म्हणून आधी आपली बिले या तीन कसोट्यांवर लावून पाहावीत. बिल आपल्या वैयक्तिक नावाने आहे की प्राचार्यांच्या? त्यावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक आहे काय? जेथे तीन दरपत्रके आवश्यक होती तेथे ती आणि तुलनात्मक तक्ता आहे काय? वस्तू असल्यास साठा नोंदवहीत तिची नोंद होऊन तिचा पान क्रमांक बिलामागे लिहिला आहे काय? प्रवासाच्या बाबतीत तारीख, ठिकाण आणि कामाचे कारण यांची नोंद आणि त्या दिवसाची कर्तव्यरजा जुळते काय? हप्ता येण्याआधी खर्च करण्यास प्राचार्यांची लेखी संमती घेतलेली असेल, तर तिची प्रत सर्वांत वर लावावी.

हप्ता अडण्याची कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात. प्रमाणपत्रावर सनदी लेखापालाचा शिक्का आहे पण सदस्यत्व क्रमांक नाही. खर्चाच्या एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात रक्कम वळवली आहे पण तिला पूर्वपरवानगी नाही. बचत खात्यावरचे व्याज हिशेबात दाखवलेले नाही. प्रगती अहवाल संशोधन विभागात पोहोचला, पण हिशेबाचे कागद लेखा विभागात गेलेच नाहीत. अशा वेळी दोन्ही विभाग आपापल्या जागी दुसऱ्याची वाट पाहत असतात. नेमकी कोणती त्रुटी आहे हे फोनवर विचारण्याऐवजी महाविद्यालयाच्या पत्राने विचारावे, पत्राचा विषय म्हणून प्रकल्पाचा मंजुरी क्रमांक आणि दिनांक लिहावा, आणि त्याची एक प्रत वित्त व लेखा अधिकाऱ्यांना द्यावी. त्याच पत्रात प्रकल्पाची मुदत वाढवून मागावी, कारण मुदत संपल्यानंतरचा खर्च कितीही खरा असला तरी लेखापरीक्षणात नामंजूर होऊ शकतो. अर्थसंकल्पातली त्या वर्षाची तरतूद ३१ मार्चनंतर राहत नाही. म्हणून हा पत्रव्यवहार जानेवारीच्या आत पूर्ण व्हावा, असे पाहावे.

तरीही उत्तर आले नाही, तर आतापर्यंत झालेल्या कामापुरता अंतिम अहवाल देऊन प्रकल्प बंद करण्याची परवानगी मागण्याचा मार्ग आपल्यासमोर आहे. तो घेण्यात कमीपणा नाही. पूर्ण झालेल्या निम्म्या क्षेत्रकार्यावर लेख होऊ शकतो, आणि बंद झालेल्या प्रकल्पाचे पूर्तता प्रमाणपत्र पुढच्या अर्जाला जोडता येते. दोन्हीपैकी जे पत्र पाठवाल, ते विद्यापीठाच्या आवक कक्षात प्रत्यक्ष देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा.